शालन, ते कार्ड तू मारलं नव्हतंस

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला तू टेबलावरनं ओरडलीस, "हात वर!" मी लेथ बंद केला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिलो. शेजारच्या गाळ्यात बाबू वेल्डरनं काम थांबवलं आणि तिकडनंच हाळी दिली, "थांबलो ओ वयनी! किती मिनिटं?"

"सहा. जुनं कार्ड हाय."

"सहा मिनिटांत माझी एक बिडी हुतीया. निवांत होऊ दे."

आपण दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. तू मशीनच्या इलेक्ट्रॉनिक कार्डात प्रोग्राम चढवत होतीस आणि मी काहीही करत नव्हतो. त्या कामात माझा वाटा तेवढाच असायचा, काही न करण्याचा. बटणाला हात लावायचा नाही, बोलायचं नाही, तुझ्या पाठीकडं बघत उभं राहायचं. ते काम मी चांगलं करायचो. एक खेप सोडून.

रूपा म्हणाली, बाबा, आईच्या फोटोखाली छापायला चार ओळी लिहून द्या. लेकीला हो म्हणालो. पण फोटोखाली छापतात ते कसं असतं ठाऊक आहे ना तुला? प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. मनमिळाऊ तर तू नव्हतीसच. गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं वाटलं तर कार्ड त्याच्या हातात परत द्यायचीस आणि म्हणायचीस, "आधी खरं काय झालं ते आठवा, मग या." चार ओळींत मला जे सांगायचं आहे ते बसत नाही. मी सातवीपर्यंत शिकलोय, तेवढ्यात येईल तसं लिहितो. माझ्या बिलातल्या चुका तू काढायचीस. ह्यातल्या राहू देत.

तुझं काम काय असतं हे मला एकदा जेवताना समजावून सांगितलं होतंस. ताटाच्या मधोमध भाकरीचा तुकडा ठेवलास. "ही मोठी चिप. एफपीजीए म्हणत्यात हिला. हिला काय बी शिकवा, येतंय. पण मशीन बंद केलं की समदं विसरती. सकाळी उठल्यावर आपण कोण ते बी ठाऊक नसतंय." मग तिच्या शेजारी एक शेंगदाणा ठेवलास. "ही बारकी चिप. हिच्यात लिहून ठेवल्यालं असतंय. मोठी उठती, बारकीतलं वाचती, 'अगं बाई, मी तर कापायचं मशीन चालवती की' म्हणती आणि कामाला लागती. मी काय करती? बारकीतलं जुनं पुसती आणि नवं लिहिती. आता पुसून झालंय आणि लिहून पुरं झालं न्हाय, तेवढ्यात लाईट हलली, तर मोठीनं सकाळी उठून वाचायचं काय?"

"म्हंजे माझ्या बापागत," मी म्हणालो. शेवटी शेवटी बाप मलाही ओळखत नव्हता, तू त्याला भरवायचीस. तू हसली नाहीस. "व्हय, तसंच," म्हणालीस आणि भाकरीचा तो तुकडा माझ्या ताटात टाकलास.

गेले पाच दिवस सकाळी डोळे उघडले की मलाही क्षणभर काही ठाऊक नसतं. कपबशीचा आवाज कधी येतो त्याची वाट बघत पडून राहतो. मग आठवतं.

तुझं टेबल माझ्या गाळ्यात आलं तेव्हा आपण दोन दिवस बोललो नव्हतो. शिरोलीच्या कारखान्यात अकरा वर्षं तू स्टॅबिलायझरच्या प्लेटा सोल्डर केल्यास, तो बंद पडला. मला वाटलं आता घरी बसशील, पाठ दुखते म्हणायचीस ती थांबेल. तिसऱ्या दिवशी तू हातगाडीवर टेबल घालून उद्यमनगरात हजर.

"इथं लोखंडाचा कीस उडतोय," मी म्हणालो.

"मग पडदा लावा."

"तेलाचा वास येतोय."

"लग्न झाल्यापास्नं तुमच्या अंगाला तोच वास हाय. कुठं मेले?"

पडदा लावला. रूपा लग्न होऊन गेली तेव्हा इंजिनिअरिंगची पुस्तकं घरातच टाकून गेली होती, ती तू गाळ्यात आणलीस. दहावी झालेली बाई इंग्रजी पुस्तक घेऊन बसायची. एक ओळ कळायला एक दिवस लागला तर एक दिवस घालवायचीस. मला राग यायचा. लोखंड दिसतं, हाताला लागतं, मापात बसलं की बसलं. तुझं काम दिसायचंच नाही. "काय केलंस आता?" विचारलं की म्हणायचीस, "लिहिलं." "कुठं लिहिलंस, दाव की." "दिसत न्हाय म्हणून नसतंय व्हय? तुमची अक्कल तरी कुठं दिसतीया." पलीकडं बाबू वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून हसायचा.

मग माणसं यायला लागली. आधी स्टॅबिलायझर घेऊन, मग मशीनची कार्डं घेऊन. पाटीवर माझं नाव होतं, तरी लोक 'बाईंच्या गाळ्यात' म्हणायला लागले. चहाच्या टपरीवर मी उभा राहिलो की कोणीतरी म्हणायचंच, "नामदेवा, मालकिणीनं सुट्टी दिली व्हय?" मी पण हसायचो. हसल्याशिवाय टपरीवर उभं राहता येत नाही.

मल्लाप्पाण्णा आला तो त्याच दिवसांत. गडहिंग्लजच्या पलीकडचा माणूस, घरात कानडी, धंद्यात मराठी. तारेनं लोखंड कापायचं मशीन त्यानं नुकतंच टाकलं होतं आणि त्याचं कार्ड टॉवेलात गुंडाळून, लेकरू आणावं तसं दोन्ही हातांवर घेऊन आला. कार्डाला नवा प्रोग्राम पाहिजे होता. तू टॉवेल सोडलास आणि लगेच कार्डात घुसलीस. अण्णानं इकडं तिकडं बघितलं, लेथवर मी दिसलो. म्हणाला, "पावणं, दोन चहा सांगा की जरा. आणि बाईस्नी पाणी द्या."

माझ्या गाळ्यात. माझ्या लेथवर मी उभा.

मी चहा सांगितला. पाणी पण दिलं. 'ते आमचं मालक हायत' एवढं तू मान वर करून म्हणाली असतीस तर झालं असतं. पण तू कार्डात होतीस. तुला ऐकू गेलं नसणार. ही तक्रार मी नऊ वर्षं पोटात ठेवली. आज ती पण बाहेर काढतो, म्हणजे आत काही राहायला नको.

अण्णा चहा पिऊन गेला. दोन तासांनी तू हाक दिलीस, "चढवायला घेतलंय ओ!" तेव्हा हात वर करायचं काही नव्हतं, नुसती हाक असायची. आणि मी लोखंड घासायचा ग्रँडर चालू केला.

आपला ग्रँडर सुरू होताना गाळ्यातला बल्ब एकदा डोळा मिटतो आणि उघडतो. तेवढंच झालं. तू म्हणालीस, "अगं आई." लॅपटॉप बॅटरीवर चालत होता, कार्ड गाळ्याच्या लाईटीवर. स्क्रीनवर लाल अक्षरं आली होती. कार्डावरचा हिरवा दिवा लागेना. बंद केलंस, चालू केलंस, वायर बदललीस, परत केलंस. लागेना.

तुझ्याकडं दोन फायली होत्या. एक जुन्या कार्डाची, एक नव्या. दिसायला सारख्या, नावाच्या शेवटी एकीला ए आणि एकीला बी. त्या दिवशी त्यांतली कुठली घ्यावी ह्यावर तू बराच वेळ घालवला होतास. म्हणून तुझं तूच ठरवलंस, "मी फाईल चुकले." मी पडद्याच्या ह्या बाजूला उभा होतो. तेव्हा बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

अण्णा आल्यावर तू स्वतःच्या तोंडानं सांगितलंस. "अण्णा, माझ्या हातनं चूक झाली. दुसरं कार्ड मागवून देते." दिलंस पण. तो रागानं काही बोलला नाही, उलट चांगला बोलला. पण टपरीवर गेला आणि म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात कार्ड दिलं, माझंच चुकलं." टपरीवर बोललं की उद्यमनगरात पाटी लावायची गरज नसते. वर्षभर तुझ्या टेबलावर मोठं कार्ड आलं नाही. मिक्सर आले, मुलांच्या खेळण्यातल्या मोटारी आल्या. तू ते पण तेवढंच लक्ष देऊन केलंस. टेबलापुढं भिंतीवर कागद चिकटवलास, 'फाईल दोनदा बघ.' त्या कागदाकडं पाठ करून मी वर्षभर लेथ चालवला.

आणि मग 'हात वर' सुरू केलंस.

हे मला आजही सुटत नाही, शालन. चूक फाईलची होती असं तू म्हणत होतीस. मग माझे हात कशाला वर? मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "तुमचा हात आपोआप बटणावर जातोय." आपोआप म्हणालीस. माझ्याकडं बघून म्हणालीस का स्क्रीनकडं बघून, ते आठवत नाही. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. त्यावर सगळं अवलंबून आहे असं वाटतं, आणि तेवढंच नेमकं आठवत नाही.

हात वर करून उभं राहिलेल्या माझी गल्लीनं लई मजा घेतली. पोस्टमन पहिल्यांदा बघून दारातच थांबला. "काय धाड पडली काय?" तू मान न वळवता म्हणालीस, "तुम्ही बी करा वर." त्यानं टपालासकट हात वर केले.

तुझं नाव परत आणलं ते पुरानं. शिरोळकडं पाणी उतरलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून माणसं कार्डं घेऊन आली. दूध मोजायच्या मशीनची, पंपाच्या पेट्यांची, एका गुऱ्हाळाचं काय काय. दुसरं कोणी मोकळंच नव्हतं, म्हणून तुझ्याकडं. चिखल भरलेली कार्डं तू टूथब्रशनं धुतलीस आणि कुरडया वाळत घालाव्यात तशी आपल्या पत्र्यावर साडी अंथरून वाळत घातलीस. मी खाली शिडी धरून. आभाळ आलं की "घ्या, घ्या, घ्या!" म्हणून ओरडायचीस आणि दोघं मिळून सगळी आत घ्यायचो. ऊन पडलं की परत वर. त्या पंधरा दिवसांत आपण जेवढं हसलो तेवढं लग्नाच्या वर्षी पण नाही. एक म्हातारी दुधाच्या मशीनचं कार्ड घेऊन बसली होती, तुला म्हणाली, "बाई, हे जिवंत हुईल का?" तू म्हणालीस, "आज्जी, कार्ड मरत न्हाय लवकर. ऐकायचं बंद करतंय. त्याला परत ऐकायला लावायचं."

मी शिडी धरून ऐकत होतो. मला त्या टॉवेलातलं कार्ड आठवलं. ते तू फेकलं नव्हतंस, खालच्या खणात होतं. मधनं मधनं काढायचीस, उलटंपालटं करायचीस, ठेवायचीस. त्याची फाईल कुठं मिळत नव्हती, मशीन बनवणारी कंपनीच बंद पडलेली. लॅपटॉप बदलला तेव्हा तुझ्याकडची पण गेली होती. मी म्हणायचो, "टाक की ते भंगारात." तू म्हणायचीस, "का? तुमाला काय खातंय?"

खात होतं.

मागच्या आठवड्यात तुझ्या फोनवरच्या त्या कार्डवाल्यांच्या ग्रुपात कोणीतरी फाईल पाठवली. कुठला माणूस, कुठल्या गावचा, तुला पण ठाऊक नव्हता. गुरुवारी दुपारी तू खण उघडलास. आता तुझ्याकडं चौदा दातांच्या पट्टीची वायर होती, चिपेत थेट घुसणारी. नऊ वर्षांपूर्वी ती नव्हती. नियमाप्रमाणं आधी आत काय आहे ते बाहेर काढलंस. "जुनं काढून ठेवल्याशिवाय नवं भरू नये," हे तर तू स्वयंपाकघरात पण म्हणायचीस.

मग मला बोलावलंस. "अहो, जरा हिकडं या."

स्क्रीनवर नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. तू बोट ठेवून दाखवलंस. "हे बघा. हितपर्यंत लिहिल्यालं हाय. आणि हितनं खाली?" मी वाचलं, एफ एफ, एफ एफ, एफ एफ. पान सरकवत गेलीस तरी तेच. "एफ एफ म्हंजे पुसल्यालं. रिकामं. आता ही आलेली फाईल बघा आणि हे बघा. अक्षर न् अक्षर जुळतंय. म्हंजे फाईल बरोबर हुती ओ! मी चुकले नव्हते! लिहिता लिहिता मधीच तुटलंय."

तुझा चेहरा मी कसा सांगू. रूपा झाली तेव्हा एवढी हसली होतीस. नऊ वर्षं तू एक वाक्य उचलून चालत होतीस आणि ते खाली ठेवलंस.

आणि मग हसू तसंच तोंडावर ठेवून तू विचारलंस, "त्या दिवशी लाईट हलली हुती का हो?"

मी म्हणालो, "मला काय ठाऊक. नऊ वर्षं झाली."

तू माझ्याकडं बघितलंस. ह्या वेळी नीट आठवतंय, माझ्याकडंच बघितलंस. "व्हय, नऊ वर्षं झाली," म्हणालीस. मग खुर्ची वळवलीस आणि ओरडलीस, "हात वर!"

सहा मिनिटं, शालन. हात वर करून मी तुझ्या पाठीमागं उभा. तुझ्या अंबाड्यातली पेन्सिल बघत. बोलायला बंदी होती म्हणून बोललो नाही असं मी आता म्हणू शकतो. पण बंदी नसती तरी बोललो नसतो. हिरवा दिवा लागला. "उठलं बघा!" तू म्हणालीस. पलीकडनं बाबू म्हणाला, "वयनी, बिडी अर्धी ऱ्हायली की!" आपण चहा प्यालो. मी कार्डाची स्तुती केली.

आता खरं ते. हे मी नऊ वर्षं रूपाला सांगितलं नाही, बाबूला नाही, देवापुढं पण नाही. त्या दिवशी तुझी हाक मला ऐकू आली होती. 'चढवायला घेतलंय ओ.' स्वच्छ ऐकू आली. माझ्या हातात घासायचं काहीच नव्हतं, ग्रँडरचं काही कामच नव्हतं. चहा सांगितल्यापासनं दोन तास माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, पावणं, पावणं, पावणं. मला वाटलं, बघूया ही बाई किती हुशार आहे. आणि बटण दाबलं. कार्ड मरेल एवढं मला कळत नव्हतं, हे खरं आहे. पण काहीतरी बिघडावं असं मला वाटत होतं, हे पण तेवढंच खरं. बिघडलं तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. बिडीच्या एका झुरक्याएवढं. मग तू "अगं आई" म्हणालीस.

चूक म्हणून सांगितली असती तर तू दोन दिवस बोलली नसतीस आणि तिसऱ्या दिवशी विसरली असतीस. पण तुझा प्रश्न मला ठाऊक होता. "हाक ऐकली नव्हती व्हय?" हे तू विचारणार. आणि तुझ्यासमोर खोटं बोललं की तू कार्ड हातात परत देणार, आधी खरं काय झालं ते आठवा म्हणून.

शुक्रवारी सकाळी चहा देताना तू म्हणालीस, "आज अण्णाला फोन करते. कार्ड उठलं म्हणून सांगते."

"कशाला आता? त्याचं ते मशीन बी ऱ्हायलं नसंल."

"कार्ड न्हाय ओ द्यायचं त्याला. फाईल बरोबर हुती, एवढंच सांगायचं हाय."

मी म्हणालो, "बघू की पुढच्या आठवड्यात." तू बरं म्हणालीस. माझं ऐकलंस. ऐकायची तुला कधी सवय नव्हती, नेमकं त्या दिवशी ऐकलंस.

दुपारी डबा उघडायच्या आधी तू खुर्चीत मागं टेकलीस. मला वाटलं डुलकी लागली. लेथवर जॉब होता, तो पुरा केला, हात पुसले आणि मग हाक मारली. डॉक्टर म्हणाले, लगेच हाक मारली असती तरी उपयोग नव्हता. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, म्हणून मला ते पटत नाही.

रविवारी पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जनाला माणूस मावत नव्हता. शिरोळची माणसं आली होती. ती दुधाच्या मशीनची म्हातारी नातवाच्या मोटारसायकलवर आली होती. सगळे रांगेनं येऊन माझ्यापुढं दोन शब्द बोलत होते. मल्लाप्पाण्णा आला. म्हातारा झालाय तो पण, काठी घेऊन आला. माझे दोन्ही हात धरले आणि चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लई हुशार बाई. त्ये एक कार्ड सोडलं, तर हात कवा चुकला न्हाय."

चांगलं म्हणूनच म्हणाला. सगळ्यांनी मान हलवली. रूपानं पण हलवली, तिनं पण नऊ वर्षं तेच ऐकलंय. माझ्या बोटांना तुझी राख लागलेली होती आणि ते हात अण्णाच्या हातात होते. मी म्हणालो, "व्हय अण्णा."

व्हय म्हणालो मी, शालन. तुला जाळून आल्यावर पण.

घरी आल्यावर रूपानं पुढं केलेलं ताट मी सरकवलं. तिला वाटलं तुझ्यामुळं घास जात नाही. तुझ्यामुळंच जात नव्हतं.

काल सकाळी मी चप्पल घातली तेव्हा रूपा म्हणाली, "बाबा, सुतक हाय. कुणाच्या दारात जायचं नसतंय."

"आत जात न्हाय," मी म्हणालो.

अण्णाचं वर्कशॉप आता मोठं झालंय, दोन शटरचं. आत सगळी मशीनं चालू होती. मी उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिलो. अण्णा पलीकडच्या भिंतीला टेबलाशी बसला होता. मला बघून उठला, खुर्ची ओढली, "कुंड्री, कुंड्री, बसा, या की आत." मी हातानंच नाही म्हणालो. तो तिथनंच विचारायला लागला, काय झालं. मी बाहेरनं ओरडलो.

"अण्णा, ते कार्ड शालननं मारलं नव्हतं. माझ्या हातनं चुकून ग्रँडर चालू झालता."

त्याला काही ऐकू गेलं नाही. कानामागं हात धरला. "काय?"

मी परत ओरडलो. त्यानं मान हलवली आणि कामगारांकडं वळून हात केला, "ए, बंद करा रे समदं. जरा बंद करा." एकेक मशीन थांबत गेलं. पाच-सहा माणसं होती. सगळी माझ्याकडं बघायला लागली. एवढं शांत उद्यमनगरात सकाळी दहाला कधी नसतं.

"हां, आता बोला," अण्णा म्हणाला.

"कार्ड शालननं मारलं नव्हतं," मी म्हणालो. आता ओरडायची गरज नव्हती. "तिची फाईल बरोबर हुती. ती लिहीत हुती तवा मी ग्रँडर चालू केला. चुकून न्हाय. तिनं हाक दिल्याली मला ऐकू आली हुती. ऐकून केलं."

अण्णानं काठीवर दोन्ही हात ठेवले. "का?" म्हणाला.

"तुम्ही मला चहा सांगायला लावला म्हणून."

त्याला आठवत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्याला ते आठवतच नव्हतं.

"बाईंना ठाऊक हुतं?"

"ठाऊक न्हाय मला."

"मी नऊ वर्षं बोल लावला तिला. परवा घाटावर पण." तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "आता मी काय करू म्हणता?"

"टपरीवर सांगा," मी म्हणालो. "तवा ज्या आवाजात सांगितलंता, त्याच आवाजात. माझं नाव घेऊन सांगा."

आणि मी निघालो. कोपऱ्यावर आलो तरी मागं एकही मशीन सुरू झालेलं नव्हतं.